मारांडी, कोळसुंदा आणि मी उपटलेली चार झाडं

बऱ्याच शनिवार-रविवारांत इथे काही लिहिलं नाही. रिलीज होती, हे नेहमीचं कारण. पण खरं सांगायचं तर गेले काही महिने मी एका काटेरी झुडपाच्या मागे लागलो होतो. हसू नका. आधी ऐका तर.

झालं असं. नोव्हेंबरात ऑफिसातल्या काही जणांबरोबर मुलुंड पूर्वेला खाडीकाठच्या साफसफाईला गेलो होतो. टी-शर्ट, टोपी, रबरी हातमोजे, सकाळी सातला वडापाव, सगळं रीतसर. काम दोन प्रकारचं होतं. एक म्हणजे प्लास्टिक गोळा करायचं, आणि दुसरं म्हणजे तण काढायचं. तण कुठलं ते एका मुलाने दाखवलं. जुन्या मिठागराच्या बांधाच्या अलीकडे, म्हणजे वस्तीच्या बाजूला, गोड्या पाण्याचं एक डबकं होतं. त्याच्या काठाला कमरेएवढी झाडं होती, जांभळी फुलं, लांब पिवळट काटे. "हे काटेवालं सगळं काढायचं," एवढीच सूचना. मी मन लावून काढलं. मग प्लास्टिक वेचत वेचत बांध ओलांडून खाडीच्या बाजूला उतरलो. तिथे चिखलात, तिवरांच्या पुढ्यात, आणखी काटेरी झुडपं दिसली. पानंच काटेरी. फुलं नव्हती. सूचना स्पष्ट होती, काटेवालं काढायचं. एक उपटलं, दोन उपटली. चौथ्याला हात घातला आणि ते निघालं तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ साहेब, ती मारांडी आहे. ती कशाला काढता?"

खेकडे पकडायला आलेले एक काका होते. हातात आकडी, कमरेला पिशवी. मी म्हटलं, "काका, तण काढतोय." ते म्हणाले, "तण तिकडे, बांधाच्या पलीकडे. ही इथलीच आहे. हिच्या मुळांत चिखल धरून राहतो. आमची आई सांधे धरले की हिचा पाला शेकून बांधायची." आणि पुढे जे म्हणाले ते डोक्यात बसलं. "काटा सारखा दिसला म्हणून झाड सारखं होत नाही."

चार झाडं. फार मोठी गोष्ट नाही, तुम्ही म्हणाल. पण ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली, जमीन सरकारी असो की खासगी, आणि भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई केली. सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात ती बंदी कायम झाली. आता मारांडीला खरी खारफुटी म्हणायचं की खारफुटीची सोबतीण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ती उभी होती खारफुटीच्या पट्ट्यात. म्हणजे मी पर्यावरण वाचवायचा टी-शर्ट घालून नेमक्या ज्या गोष्टीला वाचवायला आलो होतो तीच उपटत होतो. घरी आल्यावर आंघोळ केली, तरी ते काही डोक्यातून जाईना.

मग वाचायला लागलो. आणि एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच.

मारांडीचं शास्त्रीय नाव अ‍ॅकँथस इलिसिफोलियस. कोकण-गोव्याकडे हिला निवगूरही म्हणतात. अ‍ॅकँथस हा शब्द ग्रीक, मूळ अर्थ काट्याचा. आणि हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण पान मात्र नक्की पाहिलं आहे. फोर्टातल्या युरोपीय धाटणीच्या जुन्या इमारतींचे खांब आठवा. खांबाच्या डोक्यावर कोरलेली, कडा कातरलेली, बाहेर वळलेली दगडी पानं असतात ना, ती अ‍ॅकँथसची. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियसने त्याची गोष्ट सांगितली आहे. कॉरिंथ गावात एक मुलगी वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत घालून थडग्यावर ठेवल्या आणि वर एक कौल झाकलं. टोपली नेमकी अ‍ॅकँथसच्या मुळावर होती. वसंतात पानं फुटली, टोपलीभोवती वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांना अडून बाहेर वळली. कॅलिमॅकस नावाचा शिल्पकार तिथून जात होता, त्याने ते पाहिलं आणि खांबाला तोच आकार दिला. गोष्ट खरी की रचलेली कोण जाणे, पण छान आहे. ग्रीकांचं अ‍ॅकँथस कोरड्या जमिनीवरचं, आपली मारांडी त्याची खाऱ्या चिखलातली सख्खी बहीण. चर्चगेटला उतरून आपण त्या दगडी पानांचे फोटो काढतो आणि जिवंत पान मुलुंडला उपटतो. (आपण म्हणजे मी.)

मारांडीचं अ‍ॅकँथस हे नाव 1753 सालचं, स्वीडनच्या लिनियसने दिलेलं. इलिसिफोलियस म्हणजे हॉलीसारख्या पानांचं. ख्रिसमसच्या कार्डावर लाल फळांबरोबर जी काटेरी पानं असतात ती हॉली. म्हणजे आपल्या खाडीतल्या झुडपाचं वर्णन ख्रिसमसच्या पानावरून! पण लिनियसच्याही सत्तरेक वर्षं आधी या झाडाची छापील नोंद झाली होती, आणि ती मला फार आवडली.

सतराव्या शतकात कोचीला डच ईस्ट इंडिया कंपनीचा हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड नावाचा अधिकारी होता. मलबारातल्या वनस्पतींचं एक प्रचंड पुस्तक करायचं त्याच्या मनात आलं. हॉर्टस मलबारिकस. 12 खंड, अ‍ॅम्स्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात छापलेले. नाव ऱ्हीडचं, पण माहिती स्थानिकांची. त्यातला मुख्य माणूस इट्टी अच्युतन हा एळवा समाजातला वैद्य. आणि त्याच्याबरोबर तीन कोकणी ब्राह्मण होते, रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. त्यांनी दिलेलं प्रशस्तिपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेलं आहे. झाडांच्या चित्रांवर मल्याळम आणि अरबी अक्षरांबरोबर नागरी अक्षरंही आहेत. सतराव्या शतकात, अ‍ॅम्स्टरडॅमला, नागरी! मी ते पान स्क्रीनवर मोठं करून करून पाहिलं. कोरणाऱ्याला एक अक्षर वाचता येत नसणार, पण वळणं बऱ्यापैकी जमली आहेत.

तर या हॉर्टस मलबारिकसच्या दुसऱ्या खंडात, 1679 साली, एका आडनावाची चार झाडं येतात. बाहेल-चुळ्ळी, नीर-चुळ्ळी, कारा-चुळ्ळी आणि पैना-चुळ्ळी. (ऱ्हीडच्या डच कानांनी ते 'शुल्ली' असं लिहिलं.) यातली पैना-चुळ्ळी म्हणजे आपली मारांडी. बाहेल-चुळ्ळी म्हणजे आपला कोळसुंदा, ज्याला तालीमखानाही म्हणतात, म्हणजे मी बांधाच्या अलीकडे उपटत होतो ते जांभळ्या फुलांचं झाड. बाहेल हे मल्याळम 'वयल'चं डच ऐकणं, म्हणजे शेत. शेतातली चुळ्ळी. नीर म्हणजे पाणी, पाण्यातली चुळ्ळी. कारा-चुळ्ळी ही कोरांटीच्या गणातली.

आता हे बघा. ही चारही झाडं आजच्या वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच कुळात येतात, अ‍ॅकँथेसी. आपण ज्याला काटेवालं म्हणून एका पोत्यात भरलं, त्यात नातं आहे हे अच्युतन आणि मंडळींना माहीत होतं. पण नुसतं नातं सांगून ते थांबले नाहीत. आडनाव एक ठेवलं आणि पुढे कोण कुठे राहतं ते जोडलं. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना सांगायला नको, हा सरळ सरळ नेमस्पेस आहे :-) शेतातली वेगळी, पाण्यातली वेगळी. काकांनी तेच सांगितलं होतं, "तण तिकडे, बांधाच्या पलीकडे."

पुढच्या लोकांनी हे आडनाव मोडून टाकलं. लिनियसने मारांडी अ‍ॅकँथसमध्ये टाकली आणि कोळसुंद्याला 1756 साली कोरांटीच्या गणात नेऊन बार्लेरिया लाँगिफोलिया केलं. 1832 साली जर्मनीच्या नीसने त्याला तिथून काढून अ‍ॅस्टरकँथा केलं. 1860 साली तो हायग्रोफिला स्पायनोसा झाला, 1962 साली हायग्रोफिला ऑरिक्युलाटा. आयुर्वेदाच्या जुन्या पुस्तकांत तुम्हाला अ‍ॅस्टरकँथा दिसेल, औषधांच्या डब्यांवर हायग्रोफिला स्पायनोसा दिसेल आणि नव्या पुस्तकांत ऑरिक्युलाटा. तिन्ही एकच. संस्कृतात बिचारा कोकिलाक्ष या एका नावावर शतकानुशतकं सुखाने नांदत होता.

आणि मग गोष्ट मुंबईला येते. एम. आर. आणि एस. एम. आल्मेडा हे दोघे वनस्पतिशास्त्रज्ञ. यातले एम. आर. म्हणजे 'फ्लोरा ऑफ महाराष्ट्र' हा बहुखंडी ग्रंथ लिहिणारे. या दोघांनी 1980 च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये कोळसुंद्याला नाव दिलं, हायग्रोफिला शुल्ली. कारण असं की बुकॅनन-हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने 1820 च्या दशकात हॉर्टस मलबारिकसवर टीपा लिहिताना 'बाहेल शुल्ली' हे नाव लॅटिन नावासारखं वापरलं होतं, आणि नावांचा नियम आहे की आधी छापलेलं ते आधी. आज काही याद्या शुल्ली मानतात, काही अजून ऑरिक्युलाटाच लिहितात. कोण बरोबर त्यात मी पडत नाही, ते भांडण माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. पण कोचीच्या वैद्याने सांगितलेलं आडनाव 300 वर्षं भटकून मुंबईच्या जर्नलमधून परत झाडाला चिकटलं, ही गोष्ट मला लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचताना इतकी आवडली की घाटकोपर गेलं ते कळलं नाही.

मुंबईच्या झाडांच्या नोंदींचा इतिहास तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्यासारख्यांची आहे. या शहराच्या झाडांची पहिली मोठी यादी 1839 सालची, 'मुंबई आणि आसपास वाढणाऱ्या वनस्पतींची यादी'. ती करणारा जॉन ग्रॅहॅम पोस्टात होता, डेप्युटी पोस्टमास्तर जनरल. पुस्तक छापून होत असतानाच 1839 मध्ये तो खंडाळ्याला वारला, वय 34 च्या आसपास. उरलेली पानं जोसेफ निमो नावाच्या मित्राने पुरी केली. 1861 साली 'बॉम्बे फ्लोरा' आली. तिच्या दोन लेखकांपैकी डॅलझेल सुरुवातीला कस्टम्समध्ये होता आणि गिब्सन डॉक्टर होता, पुढे जंगलखात्याचा प्रमुख झाला. आणि 1901 ते 1908 मध्ये 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिणारा थिओडोर कुक चक्क इंजिनियर! 1860 मध्ये तो बीबीसीआय रेल्वेत आला, आणि वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल त्याने बांधला. नंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्रिन्सिपॉल झाला. बोरिवलीहून विरार लोकलने वसईकडे जाताना भाईंदर सुटलं की दोन्ही बाजूंना खारफुटी दिसते. तिथेच पुलाचे खांब रोवणारा माणूस पुढे इलाख्यातल्या प्रत्येक झाडाचं वर्णन लिहायला बसला. या सगळ्यांना दिवसभर दुसरं काम होतं. मला उगाचच धीर आला.

खाडीकाठाकडे स्वतंत्रपणे पाहणारा माणूस मात्र सेंट झेवियर्स कॉलेजातला. एथेलबर्ट ब्लॅटर, स्विस जेझुइट. 1905 साली त्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर लेख लिहिला. त्या काळात बहुतेकांच्या लेखी खारफुटी म्हणजे सरपण, आणि खाजण म्हणजे बांध घालून भातशेत किंवा मिठागर करायची जागा. झेवियर्समधल्या वनस्पतिसंग्रहाला आज त्याचंच नाव आहे, ब्लॅटर हर्बेरियम. वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून ठेवलेली. वर्णन वाचून जिथे अडतं तिथे शेवटी असा कागदच समोर लागतो.

आता मुद्द्यावर येतो. नोव्हेंबरात मी का फसलो, आणि तुम्ही फसू नये म्हणून काय बघायचं.

कोळसुंदा पावसाळ्यानंतर फुलतो, साधारण दिवाळीच्या आगेमागे. मारांडी तेव्हा फुलावर नव्हती, ती फुलते उन्हाळ्याच्या तोंडाला. म्हणजे एकाचं फूल दाखवलं आणि दुसऱ्याचं फूलच नव्हतं, तर काट्यावरूनच ओळखायची वेळ आली. आणि काटा नेमका कुठून निघतो तेच मी पाहिलं नाही. कोळसुंद्याचं पान साधं, लांबट, केसाळ. काटा पानाच्या बगलेतून येतो, सरळ, पिवळा, बोटाच्या पेरापेक्षा लांब, एकेका पेराशी सहा सहा. खोड चौकोनी आणि पेराशी फुगीर. फुलंही तिथेच, पेराभोवती गोल गर्दी करून. मारांडीचं उलट. तिचं पान जाड, चामड्यासारखं, चकचकीत, कडा वर-खाली लहरणारी आणि त्या कडेच्या प्रत्येक टोकाला काटा. खोडावर पानाच्या बुडाशी आणखी दोन छोटे काटे असतात. फुलं पेराशी नसतात, फांदीच्या टोकाला उभ्या तुऱ्यात. गंमत अशी की सावलीतल्या मारांडीच्या पानांना कधीकधी काटेच नसतात, कडा साधी. तेव्हा काटा बघून ओळखणारा परत फसतो.

फूल असलं तर प्रश्नच नाही. तुम्हाला अबोली माहीत आहे. वेणीतली, गजऱ्यातली, केशरी. अबोलीचं एक फूल हातात घेऊन नीट बघा. त्याला वरचा ओठ नसतो. सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला, खाली, पंख्यासारख्या उघडलेल्या. मारांडीचं फूलही तसंच, फक्त मोठं आणि निळं-जांभळं. कारण अबोली मारांडीच्या अगदी जवळच्या नात्यातली आहे, त्याच कुळातल्या त्याच शाखेतली. कोळसुंद्याच्या फुलाला मात्र दोन ओठ असतात, वर एक, खाली एक. आईला हे सांगितलं तर तिने देवघरासमोरच्या परडीतली अबोली उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "इतकी वर्षं गजरे केले, हे कधी बघितलंच नाही रे."

याच कुळात आपल्या ओळखीचे आणखी बरेच जण आहेत. खोकल्याचा अडुळसा, आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात 8 वर्षांनी फुलणारी कारवी, जी 2016 ला फुलली आणि मग 2024 ला. पिवळी कोरांटी, तीच ती वज्रदंती, काटेरी पण कोरड्या जागची आणि फूल पिवळं. शिवाय बाहेरून आलेले काही. रुएलिया नावाची अमेरिकन मंडळी आता सोसायट्यांच्या बागेत आणि दुभाजकांवर जांभळी फुलं घेऊन उभी असतात. त्यातली एक जात ओल्या जागेत भराभर पसरते आणि लांबून बघणाऱ्याला गोंधळात टाकते. पण रुएलियाचं फूल कर्ण्यासारखं, पाचही पाकळ्या जवळपास सारख्या, आणि काटा औषधालाही नाही. तिची सुकलेली बोंडं पाण्यात टाकली की तडतड फुटतात, लहानपणी आम्ही शाळेच्या मागे हा उद्योग फार केला आहे. ते फुटणं हा घराण्याचा गुण. मारांडीचंही बोंड वाळलं की असंच तडकतं आणि आतल्या चार चपट्या बिया लांब उडवतं.

एक तोतया मात्र घराण्याबाहेरचा आहे, पिवळा धोत्रा. काटेरी कडांची, मारांडीसारखीच कातरलेली पानं, डेब्रिज टाकलेल्या प्रत्येक जागी उगवणारा. याचा मारांडीशी काही संबंध नाही, हा खसखशीच्या कुळातला, मेक्सिकोकडचा. मराठीत याला फिरंगी धोत्राही म्हणतात, म्हणजे कोणाबरोबर आला ते नावातच आहे. पान तोडलं की पिवळा चीक येतो, पानावर पांढऱ्या शिरा असतात. आणि हा निरुपद्रवी नाही. याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेल्याने 1998 साली दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ आली आणि 60 च्या वर माणसं गेली. तिथे बी ओळखण्यातली चूक होती की जाणूनबुजून केलेली भेसळ, ते निराळं. मुद्दा एवढाच की सारखं दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक न पाहणं नेहमी चार झाडांवर निभावत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं, चला, आता आपल्याला कळलं. पण मूळ प्रश्न राहिलाच होता. बांधाच्या एका बाजूला मारांडी आणि दुसऱ्या बाजूला कोळसुंदा, असं का? मधे जेमतेम 4-5 मीटर अंतर.

उत्तर पाण्यात आहे. मारांडी खारं पाणी पिते. तिच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. (चाटून बघायचा मोह होतो. आपल्या खाडीत काय काय येतं ते माहीत असेल तर बघू नका.) कोळसुंदा गोड्या पाण्याचा, भातखाचरांच्या बांधावरचा. शेतकऱ्याच्या दृष्टीने तण, वैद्याच्या दृष्टीने औषध. थंडीतल्या लाडवांत जो तालीमखाना घालतात तो याचं बी. म्हणजे हे काही परकं झाड नाही, तेही इथलंच. पण ते जिथे दाट उगवतं तिथे भरतीचं पाणी पोचत नाही, एवढं नक्की.

आणि मुंबईत 'भरतीचं पाणी कुठपर्यंत पोचतं' या प्रश्नावर केवढी तरी जमीन अवलंबून असते. 1991 पासून किनारपट्टीचे सीआरझेड नियम आहेत. खाडीच्या बाबतीत ते किती आत लागू होतात हे ठरवायला 2011 च्या अधिसूचनेत एक माप आहे, आणि 2019 च्या अधिसूचनेतही ते आहे: वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्याच्या हजार भागांत 5 भाग क्षार जिथपर्यंत सापडतात, तिथपर्यंत. आता विचार करा. मिठागराच्या बांधाला जुनी उघाडी असते, त्यातून भरतीचं पाणी आत-बाहेर करतं. ती उघाडी कोणी बुजवली, पाइपाच्या तोंडाशी दोन ट्रक भराव टाकला, तर आतलं पाणी पावसाने आणि गटाराने हळूहळू गोडं होत जातं. मारांडी मागे हटते, तिवरं वाळतात, कोळसुंदा, पाणकणीस, बेशरम पुढे येतात. काही वर्षांनी जो येऊन बघेल त्याला दिसेल साधं गवत-तण असलेलं डबकं. इथे कधी खारफुटी होती हे सांगायला उरते ती फक्त जुनी उपग्रह चित्रं आणि काकांसारख्यांची आठवण. उलट, तणाच्या गर्दीत एखादी जरी मारांडी दिसली तर समजावं की खाली अजून खारं पाणी आहे. कोणत्या बाजूला कोणता काटा, ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे. आणि मी ती चाचणीच उपटून पोत्यात भरत होतो.

ठाणे खाडीचा पश्चिम काठ 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 साली ती रामसर जागा म्हणून जाहीर झाली. राज्याने 2012 मध्ये कांदळवनांसाठी वेगळा कक्ष काढला, 2020 मध्ये पांढरी चिप्पी हे राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. हे सगळं चांगलंच आहे. पण फ्लेमिंगोचे फोटो निघतात ते चिखलाच्या सपाटीवर, चिप्पी-तिवर उभी असतात पाण्याच्या बाजूला, आणि मारांडी असते सगळ्यात अलीकडे, जमिनीला लागून. म्हणजे डेब्रिजचा ट्रक मागे येतो तो आधी तिच्यावर. साफसफाईवाले उतरतात ते आधी तिच्यात.

त्या दिवशी काकांनी मला नुसतं थांबवलं नाही. उपटलेली चार झाडं पोत्यातून काढायला लावली. दोघांची खोडं बुडातून पार तुटली होती. दोन बरी होती, खालच्या पेरांना मुळं फुटलेली. ती त्यांनी चिखलात आडवी खोचली, पायाने दाबली आणि म्हणाले, "लागली तर लागली."

मार्चमध्ये ओहोटीची वेळ बघून परत गेलो. बांधाच्या अलीकडचं डबकं निम्मं आटलं होतं, कोळसुंदा वाळून काड्या झाला होता, काटे तेवढे शाबूत. पलीकडे उतरलो. एक झाड गेलं होतं. दुसऱ्याला चार नवी पानं होती, फूल नव्हतं. पण दोन हात पुढे जुनी मारांडी फुलली होती, निळी-जांभळी, वरचा ओठ नसलेली. मी अबोलीचं एक फूल खिशात नेलं होतं, शेजारी धरून बघायला. ते चुरगळून गेलं होतं, तरी आकार कळत होता. उघाडीचं तोंड मात्र या वेळी अर्धं भरलेलं दिसलं, विटांचे तुकडे आणि टाइल्स. फोटो काढले, तारीख-वेळेसकट, कांदळवन कक्षाला पाठवले. पोच आली आहे. पुढच्या अमावास्येच्या भरतीला पाणी आत येतं का ते बघायला जाणार आहे, कोणाला यायचं असेल तर सांगा. गमबूट लागतील.